विद्यापीठाआधीचे गुन्हेशास्त्र : ते कोणाचे असावे?

(कोल्हापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणावरून)



अकरावी-बारावीच्या मुलामुलींना गुन्हेशास्त्र हा विषय शिकवावा काय, हा प्रश्न आजच्या वर्गासाठी निवडला गेला, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. महागाई, सहकाराची दुरवस्था, उसाचा भाव, कंत्राटी कामगार हे आपले नेहमीचे विषय. त्यांच्या रांगेत हा विषय परका दिसतो, आणि तो शिक्षणखात्याने व परीक्षा मंडळाने पाहावा असेही वाटते. परंतु एखाद्या समाजात गुन्हेगार कोणाला म्हणावे, हे ठरविण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, हा अखेर सत्तेचा प्रश्न असतो. आणि सोळा वर्षांच्या मुलाला त्याविषयी काय शिकविले जाते किंवा काहीच शिकविले जात नाही, हा त्याच प्रश्नाचा एक भाग आहे. म्हणून मी हे निमंत्रण स्वीकारले.

प्रथम प्रसंग ध्यानात घ्या. १ जुलै २०२४ पासून देशात नवे फौजदारी कायदे लागू झाले. त्यांपैकी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने असे ठरविले आहे की, सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक विज्ञानाच्या तज्ज्ञाने घटनास्थळी गेलेच पाहिजे. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत दिलेली आहे. त्याआधी २०२० मध्ये संसदेने कायदा करून गांधीनगरच्या संस्थेला राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचा दर्जा दिला. दूरचित्रवाणीवरील तपासाच्या मालिका तर घरोघर पाहिल्या जातातच. या सर्वांचा परिणाम असा झाला की, दहावीचा निकाल लागताच पालक विचारू लागतात, ‘फॉरेन्सिकला जायचे तर आत्तापासून काय घ्यावे?’ मागणी दिसली की पुरवठादार उभे राहतात, हा आमच्या अर्थशास्त्रातला पहिला धडा. तेव्हा थोड्या महिन्यांत प्रमाणपत्र देणारे वर्गही निघाले आहेत.

या गडबडीत तीन वेगळ्या गोष्टी एकच समजल्या जातात. न्यायसहायक विज्ञान म्हणजे रक्त, केस, गोळी, हस्ताक्षर, ठसे यांची प्रयोगशाळेतील परीक्षा. तो रसायन, जीव आणि पदार्थविज्ञानाचा विषय आहे, आणि त्याच्या पदवीसाठी साधारणतः बारावी विज्ञान लागते. फौजदारी कायदा हा दुसरा विषय. कोणते कृत्य गुन्हा आहे आणि तो कसा शाबीत करावा, हे तो सांगतो. गुन्हेशास्त्र तिसरे. ते समाजशास्त्रांपैकी एक आहे. गुन्हा का घडतो, समाज कोणत्या कृत्याला गुन्हा ठरवितो आणि कोणत्याकडे काणाडोळा करतो, पोलीस, न्यायालय आणि तुरुंग प्रत्यक्षात कसे चालतात, शिक्षेने काय साधते आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे पुढे काय होते, हे त्याचे प्रश्न आहेत. मी बोलणार आहे ते या तिसऱ्याविषयी.

हा विषय आपल्याकडे विद्यापीठाच्या पायरीवरच प्रथम भेटतो. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत तो समाजकार्याच्या अंगाने पुष्कळ वर्षे शिकविला गेला. आपल्याला जवळ असलेल्या धारवाडला, कर्नाटक विद्यापीठात, गुन्हेशास्त्र व न्यायसहायक विज्ञानाचा विभाग आहे. कायद्याच्या पदवीत तो बहुधा ऐच्छिक असतो. आपल्या उच्च माध्यमिक मंडळाच्या विषयांत अर्थशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, मानसशास्त्र, तर्कशास्त्र आहेत. केंद्रीय मंडळाने आपल्या अकरावी-बारावीला कायद्याचा ऐच्छिक विषय ठेवला आहे. गुन्हेशास्त्र मात्र कोठेच स्वतंत्रपणे नाही.

आता कोणी म्हणेल, नाही तर नाही, बिघडले कोठे? उत्तर असे की, पाठ्यपुस्तक नसले तरी शिकवण चालूच असते. मुलगा आपले गुन्हेशास्त्र घरातून, चावडीवरून, मालिकांतून आणि हातातील फोनमधून शिकतो. ही शिकवण आपल्या देशात फार जुनी आहे, आणि तिला एके काळी कायद्याचे रूप मिळाले होते.

इटलीतील लोम्ब्रोसो या डॉक्टराने १८७६ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध करून ‘जन्मजात गुन्हेगार’ या कल्पनेला शास्त्राचा मुलामा दिला. कवटीचा आकार आणि जबड्याची ठेवण पाहून गुन्हेगार ओळखता येतो, असा त्याचा दावा होता. परंतु हिंदुस्थानातील ब्रिटिश सरकारने त्याच्याही पाच वर्षे आधी, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमातींचा कायदा करून टाकला होता. लोम्ब्रोसोने निदान एकेका माणसाची कवटी मोजली. येथे तर अख्ख्या जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरविण्यात आल्या. एकदा सरकारी जाहिरनामा निघाला की तो योग्य की अयोग्य हे विचारण्याचा अधिकार न्यायालयालाही नव्हता. प्रथम उत्तर हिंदुस्थान आणि पंजाबात लागू झालेला हा कायदा १९११ मध्ये मुंबई इलाख्यासह सर्वत्र नेण्यात आला. नोंद झालेल्या माणसाचे बोटांचे ठसे घ्यावयाचे, त्याने ठरल्या वेळी हजेरी द्यावयाची आणि परवानगीवाचून गाव सोडावयाचे नाही, अशी ही व्यवस्था होती.

या व्यवस्थेची आर्थिक बाजू आपण विसरू नये. बंजारा मीठ आणि धान्य वाहून नेत असे. मिठावर सरकारची पकड बसली, आगगाडी आली आणि त्याचा धंदा बुडाला. जंगलांवर सरकारी मालकी लादली गेली तेव्हा पारध्याची शिकार चोरी ठरली. ज्यांचे पोट फिरण्यावर होते, त्यांचे फिरणेच संशयास्पद झाले. मग या लोकांना तारेच्या कुंपणातील वसाहतींत डांबण्यात आले. अशी एक मोठी वसाहत सोलापूरला होती, आणि तेथील स्त्रीपुरुष सोलापूरच्या गिरण्यांत कामाला जात. कुंपणाआडचा मजूर गिरणीमालकाला किती सोयीचा पडत असेल, हे कामगार चळवळीतील साथींना मी सांगावयास नको.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. या जमाती विमुक्त झाल्या, आणि तो दिवस त्या आजही पाळतात. पण १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. इतर राज्यांतही तसे कायदे होते. कागदावरून जमात गेली, पण पोलिसाच्या मनातून ती गेली नाही. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली प्रसिद्ध झाले. पांढरपेशा मराठी वाचकाला ‘संशयित’ म्हणून जगणे म्हणजे काय, याची पहिली ओळख बहुधा या पुस्तकांनी करून दिली. आणि अगदी अलीकडे, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, तुरुंगात जातीवरून कामे वाटणे घटनाबाह्य आहे, आणि विमुक्त जमातींकडे ‘सराईत’ म्हणून पाहणारी कारागृह नियमावलीतील तरतूदही टिकणार नाही. कायदा रद्द होऊन बहात्तर वर्षे झाल्यावर हा निकाल आला आहे.

साथींनो, हे सांगितले ते एवढ्यासाठी की, ‘गुन्हेशास्त्र शिकवा’ एवढीच मागणी पुरेशी नाही. चुकीचे गुन्हेशास्त्र शिकविण्यापेक्षा न शिकविलेले बरे. परंतु दुसरे एक गुन्हेशास्त्रही याच मातीत रुजले आहे, आणि त्याचा वारसा सांगण्याचा कोल्हापूरइतका हक्क क्वचितच कोणाला असेल.

महात्मा फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. सक्तीचे वैधव्य भोगणारी तरुण स्त्री गरोदर राही, बदनामीच्या भयाने मूल मारी आणि मग खुनी म्हणून शिक्षा भोगी. कायद्याने पाहिले ते त्या स्त्रीचे कृत्य. फुल्यांनी पाहिली ती तिला त्या कृत्यापर्यंत ढकलणारी रूढी. त्यांनी शिक्षा वाढविण्याची मागणी केली नाही. बाळंतपणाला सुरक्षित जागा दिली, आणि गुन्ह्याचे कारणच काढून घेतले. गुन्ह्याला प्रतिबंध म्हणजे काय, याचे इतके स्पष्ट उदाहरण परदेशी पाठ्यपुस्तकांत शोधावयास जाण्याचे कारण नाही.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानात गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेल्या जमातींची हजेरी बंद केली. शेजारच्या ब्रिटिश मुलखात १९११ चा कायदा जोरात होता, त्या काळातली ही गोष्ट आहे. महाराजांनी फासेपारध्यांना संस्थानच्या चाकरीत घेतले आणि ज्यांना चोर म्हटले जाई त्यांच्यावर पहाऱ्याचे काम सोपविले. आदल्याच वर्षी, १९१७ मध्ये, त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा कायदा केला होता. या दोन गोष्टी मी एकत्र सांगतो, कारण माणूस जन्माने गुन्हेगार नसतो हे एकदा मान्य केले, की त्याला काम आणि शाळा देण्याची जबाबदारी राज्यावर येते. दया म्हणून नव्हे, हक्क म्हणून.

तिसरे उदाहरण औंध संस्थानचे. भवानराव पंतप्रतिनिधींनी, मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनियराच्या साह्याने, १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची खुली वसाहत सुरू केली. तेथे भिंत नव्हती. कैदी बायकामुलांसह राहत आणि शेती करीत. आपल्या कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटामागची प्रेरणा हीच वसाहत होती. चित्रपट पुष्कळांनी पाहिला. वसाहत आजच्या सांगली जिल्ह्यात आहे, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. आपल्या मुलांची सहल पन्हाळ्याला आणि रंकाळ्याला जाते, ती एकदा स्वतंत्रपूरलाही जावयास हरकत नाही.

आता माझ्या विषयाकडे, म्हणजे अर्थशास्त्राकडे वळतो. आपल्या चळवळीत एक समजूत बरीच प्रचलित आहे : गुन्हा हा दारिद्र्यातून जन्मतो, दारिद्र्य गेले की गुन्हा जाईल, तेव्हा गुन्ह्याचा वेगळा अभ्यास कशाला? डच समाजवादी विचारवंत विलेम बोंगर यांनी १९०५ मध्ये गुन्हेगारी आणि आर्थिक परिस्थिती यांचा संबंध विस्ताराने मांडला. त्यांचे ऋण मोठे आहे. पण ही समजूत जशीच्या तशी घेतली तर ती दोन ठिकाणी अडते. एक तर बहुसंख्य गरीब माणसे आयुष्यभर कोणाच्या काडीलाही हात लावीत नाहीत. दारिद्र्य म्हणजेच गुन्हेगारी असे म्हणणे हा त्यांचा अपमान आहे, आणि वसाहतवाद्यांच्या समजुतीपासून ते फार दूरही नाही. दुसरे असे की, पोट भरलेल्यांच्या गुन्ह्यांचा उलगडा त्यातून होत नाही.

अमेरिकेतील एडविन सदरलँड यांनी १९३९ मध्ये समाजशास्त्रज्ञांसमोर बोलताना ‘पांढरपेशी गुन्हेगारी’ ही संज्ञा रूढ केली. १९४९ च्या ग्रंथात त्यांनी देशातील सत्तर मोठ्या कंपन्यांविरुद्ध गेलेल्या निकालांचा हिशेब मांडला. त्यांचे म्हणणे साधे होते. गुन्हेगारांचा अभ्यास तुरुंगात जाऊन केला तर गरीबच गुन्हेगार दिसणार, कारण तुरुंगात पोचतो तोच मुळी गरीब. आपल्याकडचे आकडे पाहा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते, आणि त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे दर चारांतील तिघांचा गुन्हा अजून शाबीतच झालेला नव्हता. बहुसंख्य कैदी दहावीही न झालेले होते. जामीन मंजूर होऊनही जामीनदार न मिळाल्याने आत राहिलेला माणूस ज्याला ठाऊक आहे, त्याला या आकड्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

याउलट २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा नऊ लाखांवर ठेवीदारांना प्रथम केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. एकाच बांधकाम उद्योगसमूहाला दिलेली प्रचंड कर्जे खोट्या खात्यांआड दडविली गेली, असा या प्रकरणातील आरोप आहे. येथे कोणी सुरा दाखविला नाही, कोणाच्या घराचे कुलूप तुटले नाही, पण माणसांची आयुष्यभराची शिल्लक अडकली. मुलांच्या ‘गुन्हा’ या कल्पनेत पाकीटमार बसतो आणि हिशेबाच्या वहीतील खोटी नोंद बसत नाही. सहकारावर जगणाऱ्या आपल्या जिल्ह्यात ही त्रुटी महागात पडणारी आहे. ताळेबंद वाचावयास शिकविणे हे गुन्हेशास्त्राचेच एक प्रकरण आहे, असे मी म्हणेन.

आता मूळ प्रश्न असा : हे सारे विद्यापीठाआधीच का? पदवीला शिकविले तर चालणार नाही का?

पहिले कारण वयाचे. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर घृणास्पद गणल्या गेलेल्या गुन्ह्याचा आरोप असेल, तर प्राथमिक तपासणीनंतर त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलीच्या संमतीला कायदा संमती मानीत नाही. सतरा वर्षांची मुलगी आणि एकोणीस वर्षांचा मुलगा राजीखुशीने पळून गेले, तरी मुलगा गंभीर गुन्ह्याचा आरोपी ठरू शकतो. अकरावी-बारावीचा वर्ग तो नेमका या वयाचा. ज्या वयाच्या माणसाला कायदा इतक्या कठोरपणे हात घालतो, त्या वयाला तो कायदा आणि त्यामागचा वाद समजावून सांगण्याचे नाकारणे न्याय्य नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण जीव गेले, आणि बालन्याय मंडळाने त्याला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहावयास सांगितले. देशभर संताप उसळला. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. कॉलेजातील मुलांनी त्या वेळी काय म्हटले? ‘फाशी द्या’ किंवा ‘पैसा बोलतो’. संताप खरा होता. पण अल्पवयीनाला वेगळी वागणूक का असते, पैशाने नेमके कोणते टप्पे वाकविता येतात, आणि झोपडीतल्या सतरा वर्षांच्या मुलाला तीच सवलत मिळते काय, हे तीन प्रश्न अलग करून विचारावयास त्यांना कोणी शिकविले नव्हते.

दुसरे कारण रोजगाराचे. महाराष्ट्रात पोलीस शिपाई भरतीला शैक्षणिक अट बारावी उत्तीर्ण ही आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील गावोगाव पहाटे रस्त्यावर धावणारी मुले आपण पाहतो. त्यांतील कोणी उद्या ठाण्यात उभे राहतील, आणि कोणाला आत घ्यावे व कोणाला हाकलावे याचा पहिला निर्णय त्यांच्या हाती असेल. त्यांचे सर्वसाधारण शिक्षण बारावीलाच संपलेले असू शकते. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डिसेंबरात अटकेसंबंधी अकरा नियम घालून दिले. ते भरतीनंतरच्या प्रशिक्षणात पाठ करून घेतले जातात. त्यांच्यामागची माणुसकी मात्र आधी रुजावी लागते. आणि जे भरती होणार नाहीत, विद्यापीठातही जाणार नाहीत, त्यांना अटक झालीच तर वकील कोठून मिळवावा हे सांगणारी बारावी ही शेवटची जागा आहे.

तिसरे कारण सर्वांत कठोर आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाड्याला, मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. मुले पळविणारी टोळी आली आहे, अशी अफवा फोनवरून फिरत होती. तो दिवस बाजाराचा होता. भटका दिसला की तो चोर, अनोळखी दिसला की तो मुले पळविणारा. १८७१ चा कायदा पुस्तकातून गेला, पण त्या दिवशी तो त्या गावात पुन्हा लागू झाला. आपल्या कोल्हापूरची सावलीही यात आहे. लहान मुलांना पळवून मारणाऱ्या गावित मायलेकींचे प्रकरण १९९६ मध्ये उघडकीस आले, आणि त्याची दहशत आपल्या घरांत पुढे किती वर्षे राहिली हे आपण जाणतो. त्या खटल्यात २००१ मध्ये कोल्हापूरच्या न्यायालयाने दोघी बहिणींना फाशी सुनावली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि दयेच्या अर्जाला झालेल्या अक्षम्य विलंबामुळे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. गुन्हा इतका भीषण असूनही राज्याच्या दिरंगाईचा जाब न्यायालयाने का विचारला? हा प्रश्न वर्गात शांतपणे चर्चिला गेला, तर कायद्याचे राज्य म्हणजे काय ते मुलांना कळेल. चर्चिला गेला नाही, तर उरते ती भीती. आणि भीतीच्या हाती दगड यावयास वेळ लागत नाही.

आता आक्षेप. पहिला, गुन्हे शिकविले तर मुले गुन्हे शिकतील. कुलूप कसे तोडावे हे या विषयात शिकवावयाचे नाहीच. ते शिकविणारी साधने मुलाच्या खिशात आधीच आहेत. दुसरा आक्षेप, या विषयाचा पुढील प्रवेशाला उपयोग काय? ब्रिटनमध्ये वेल्सच्या परीक्षा मंडळाने गेल्या दशकात सोळा-अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यांसाठी गुन्हेशास्त्राची पदविका काढली. गुन्ह्याविषयीच्या समजुती, गुन्ह्याचे सिद्धांत, घटनास्थळापासून न्यायालयापर्यंतचा प्रवास, आणि शिक्षा, असे तिचे चार भाग आहेत. तेथील विद्यापीठेही गुन्हेशास्त्राच्या पदवीसाठी हा विषय आधी घेतलाच पाहिजे, अशी अट सर्वसाधारणपणे घालीत नाहीत. तेव्हा मुलांना खोटी आशा दाखवू नये. ज्याला प्रयोगशाळेत जावयाचे आहे त्याने विज्ञान घ्यावे, आणि ज्याला समाजाच्या अंगाने शिकावयाचे आहे त्याने समाजशास्त्र, मानसशास्त्र, अर्थशास्त्र मन लावून करावे. महाग प्रमाणपत्रांवर बापाची मिळकत घालवू नये. हा विषय नोकरीसाठी नव्हे, नागरिकत्वासाठी आहे.

तिसरा आक्षेप मी स्वतःच घेतो. उद्या हा विषय आला आणि त्याचे पुस्तक जुन्याच मनोवृत्तीने लिहिले गेले तर? ‘गुन्हेगारी प्रवृत्तीच्या जमाती’ असा एखादा परिच्छेद त्यात घुसला तर वर्गातल्या पारधी मुलीने कोठे पाहावयाचे? हा धोका खरा आहे. म्हणूनच या मागणीबरोबर अभ्यासक्रमाचा आराखडाही चळवळीने पुढे ठेवला पाहिजे. माझ्या सूचना थोडक्यात अशा.

विषय ऐच्छिक असावा, आणि तो उभा राहीपर्यंत समाजशास्त्र व राज्यशास्त्र यांत त्याचे एकेक प्रकरण घालावे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने कला आणि विज्ञान यांच्यातील भिंती कमी करण्याचे आश्वासन दिले आहे. त्या आश्वासनावर बोट ठेवून मागणी करता येईल. अभ्यासक्रमाची सुरुवात १८७१ चा कायदा, फुले, शाहू आणि स्वतंत्रपूर यांनी व्हावी, लोम्ब्रोसोने नव्हे. पांढरपेशा गुन्ह्यांना चोरी-दरोड्याइतकीच पाने मिळावीत. स्त्रियांवरील आणि दलितांवरील अत्याचारांत गुन्हा नोंदला जाण्यापासूनच लढा का द्यावा लागतो, हे त्यात यावे. मथुरा प्रकरणातील निकालावर १९७९ मध्ये कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यांत उपेंद्र बक्षी व लोतिका सरकार यांच्याबरोबर रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार होते. त्यातून देशव्यापी स्त्री-चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. अध्यापक काय करू शकतो, हे विद्यार्थ्याला आणि अध्यापकालाही यातून कळेल. वर्षातून एकदा वर्गाने दिवसभर न्यायालयात बसावे, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे दार कोठे आहे ते पाहून यावे. आणि विमुक्त समाजातील शिकलेल्या तरुणांना या विषयाच्या अध्यापनात प्रथम स्थान मिळावे. ज्यांच्यावर हे शास्त्र एक शतक प्रयोग करीत आले, त्यांनी ते शिकवावे.

शेवटी, ज्या गोष्टीचा उल्लेख टाळून या शहरात या विषयावर बोलताच येणार नाही, ती सांगतो. १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी कॉम्रेड गोविंद पानसरे आणि उमाताई यांच्यावर याच शहरात, त्यांच्या घराजवळ गोळ्या झाडण्यात आल्या. २० तारखेला पानसरे गेले. त्याआधी २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर, त्यानंतर ३० ऑगस्ट २०१५ रोजी धारवाडला प्रा. कलबुर्गी, आणि ५ सप्टेंबर २०१७ रोजी बंगळूरला गौरी लंकेश. पानसरे खटल्यात आरोपनिश्चिती व्हावयास २०२३ साल उजाडले. दाभोलकर खटल्यात मे २०२४ मध्ये गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली, आणि इतर तिघे आरोपी सुटले. या वर्षांत कोल्हापूरच्या सामान्य कार्यकर्त्याला पुंगळीची तपासणी, पुरवणी दोषारोपपत्र, उच्च न्यायालयाची देखरेख हे शब्द शिकावे लागले. दर महिन्याच्या २० तारखेला निर्भय मॉर्निंग वॉकला निघणाऱ्या माणसांनी हे गुन्हेशास्त्र रस्त्यावर शिकून घेतले. बंदूक चालविणारा हात सापडणे आणि त्यामागचा विचार सापडणे यांत केवढे अंतर आहे, हे त्यांना कोणत्याही पदवीधराहून अधिक कळते.

पण दुःखातून शिकावे लागू नये, यासाठीच शाळा असते. आपल्या प्रत्येक शाखेने आपल्या भागातील एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्राचार्यांना या महिन्यात भेटावे. विषय मंजूर होण्याची वाट न पाहता, शनिवारी एक तास मागून घ्यावा. पहिला तास ३१ ऑगस्टच्या विमुक्त दिनावर असावा, आणि तो विमुक्त समाजातील साथीने घ्यावा. मंडळाकडे करावयाच्या मागणीचा मसुदा पुढील बैठकीपूर्वी मी लिहून देतो. त्यावर आपण सर्वांनी टीका करावी, म्हणजे तो सुधारेल.